तात्पुरतं

डंडीत जूनची रात्र पुरती होतच नाही,
नुसता उजेड मळतो थोडा.
गणित विभागाच्या तळघरात
मी, सर्व्हरचा पंखा
आणि शनिवार सकाळपासून तोच निरोप:
एरर १.
आत काहीही मोडलेलं असो, आकडा हाच.

काम सोपं आहे, म्हणाले होते.
आमच्या गणिताच्या प्रणालीत
संख्याशास्त्राचं एक पॅकेज बसवायचं.
दोघं घरंदाज, दोघं फुकट मिळणारी,
कागदावर पत्रिका उत्तम जुळत होती.
पण हे स्थळ दर वेळी
सत्तेचाळिसाव्या मिनिटाला नकार कळवतं.

सत्तेचाळीस मिनिटांत
टेच्या पुलावरून दोन गाड्या फाइफकडे जातात.
सत्तेचाळीस मिनिटांत
आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी, बोटानं खाल्ली तर,
बरणीच्या खांद्यावरून कमरेपर्यंत उतरते.

मग पडदा थांबतो. वर चार हजार ओळी.
खरी चूक शेवटच्या ओळीत नसते हे मला माहीत आहे.
शेवटची ओळ नुसती रडते;
मारणारा केव्हाच, नऊशे ओळींपूर्वी,
हात पुसून निघून गेलेला असतो.

मी कंपायलर नवा घातला. मग जुना परत आणला.
मार्ग पुसले, मार्ग लिहिले.
फोर्ट्रानसाठी,
ती माझ्या जन्माआधीची, सगळं ठळक अक्षरात बोलणारी बाई,
तिच्यासाठी वेगळं दार काढून दिलं.
रविवारी थोडी रडले,
तेही नोंदवलंय वहीत: दुपारी दोन वीस.
सोमवारी नऊ वाजता बावीस जण शिकायला येणार होते.

संध्याकाळी, तीन हजार एकशे बाराव्या ओळीत,
एक पत्ता दिसला.
होम, त्यात रॅट्रे, त्यात एक फोल्डर,
नाव: तात्पुरतं.
या पत्त्यावर कोणी नाही, असं यंत्र म्हणत होतं.

इशबेल रॅट्रे.
निवृत्तीला वर्ष झालं की खातं बंद करायचं असा नियम आहे,
आणि नियम शुक्रवारी तिच्यापर्यंत पोचला होता.
म्हणजे अकरा वर्षं
आम्ही इथे जे जे बांधलं
ते तिच्या घरातून गुपचूप सामान उचलून.

फोन केला तेव्हा ती ब्रॉटी फेरीत
रास्पबेरीच्या झुडपांवर जाळी ओढत होती.
'अजून आहे ते?' म्हणाली, आणि बराच वेळ हसली.
'मूळ लायब्ररीत एक फंक्शन नव्हतंच.
एका गुरुवारी मीच लिहून टाकलं.
कोणाला तरी सांगायचं राहून गेलं.'

सहा ओळी होत्या. तिनं आठवून सांगितल्या,
मध्येच पक्ष्यांना हाकलत,
'स्वल्पविराम' म्हणताना आवाज जरा उंचावत,
मास्तरीण शुद्धलेखन घालते तशी.
पाच बरोबर होत्या.
सहावीनं माझे अजून तीन तास खाल्ले,
पण ते तिला कळवणार नाही.

जोडणीला आपल्याकडे दुवा म्हणतात.
दुवा म्हणजे कडी, आणि कोणी देतं तोही दुवाच.
हे तिला इंग्रजीत सांगायला गेले
आणि 'छान नदी दिसतेय का तिथून' असलं काहीतरी बोलले.

दोन चाळीसला ओळी थांबल्या.
या खेपेला रडणारं कोणी नव्हतं.
विश्वास बसेना, म्हणून नव्या नवरीला विचारावं तसं
अगदी सोपं विचारलं:
एक ते दहाची सरासरी?
साडेपाच, म्हणाली.
जसं काही तीन दिवस घरात कोणी ओरडलंच नव्हतं.

तिचा कोड आता सगळ्यांच्या वाटेवर ठेवलाय.
सोबत एक फाइल: कोणी लिहिला, का लिहिला,
कुठला गुरुवार ते माहीत नाही.
फोल्डरचं नाव तेवढं बदलवेना.

वर आले तेव्हा नदीच्या बाजूनं
उजेड पुन्हा धुवायला काढला होता.
जुलैत ये, म्हणाली होती इशबेल,
येताना भांडं आण.

चटणीची बरणी रिकामी झालीच आहे.
दोनदा धुतली. लसणाचा वास जात नाही.